किल्ली कोणाच्या हाती?

पैठणला १५८४ साली एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. जवळजवळ तीनशे वर्षे नकलांमागून नकला होत पाठ बिघडले होते. नाथांनी पोथ्या ताडून ते नीट केले. जतन म्हणजे नुसते बासनात बांधून ठेवणे नव्हे, हा धडा मराठीने तेव्हाच गिरविला.

दुसरा धडा महानुभावांचा. त्यांच्या पोथ्या मठांतून शाबूत होत्या. पण त्या सकळ लिपीत, म्हणजे सांकेतिक अक्षरांत. पंथाबाहेरच्या वाचकाला त्या असून नसल्यासारख्या! विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी त्या लिपीची किल्ली उलगडली, तेव्हा कुठे ते गद्यधन सर्वांच्या हाती येऊ लागले.

संगणकातल्या मराठीची दशा आज तीच आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरी पुढेही कित्येक वर्षे आपण निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांत लिहीत राहिलो. तो फाँट नसला, की फाईल उघडूनही पडद्यावर रोमन अक्षरांचा गोंधळच दिसतो.

पुण्याच्या सी-डॅकने जतनाच्या प्रश्नाला हात घातला, हे मोठे काम होय. तेथील ‘डिजिटालय’ प्रणालीवर उभ्या राहिलेल्या दिल्लीच्या राष्ट्रीय सांस्कृतिक दृक्‌श्राव्य अभिलेखागाराला २०१७ साली विश्वसनीय भांडाराचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. जगात ते पहिलेच. परंतु दिल्लीला साधले ते तालुक्याच्या वाचनालयाला साधेल काय? माझ्या मते खरी कसोटी हीच.

त्या वाचनालयाला मुक्तस्रोत प्रणाली हवी. जिची घडण कोणालाही वाचता, तपासता, दुरुस्त करता येते अशी. ‘आर्काइव्हमॅटिका’ या जातीची आहे. ती प्रत्येक फाईलीवरून एक ठसा-अंक काढून ठेवते. पुढे एक अक्षर जरी बदलले, तरी अंक जुळत नाही. नाथांचे ताडणेच हे! शिवाय मूळ फाईल राखून तिची खुल्या प्रकारातली प्रतही ती करते.

मुक्तस्रोत म्हणजे बिनखर्ची, असे मात्र कोणी समजू नये. यंत्रे जुनी होतात, जाणता माणूस लागतो, त्याला पगार लागतो. आपल्या संस्था संगणक खरेदीला पैसे काढतात, माणसाला नाही. दोष आहे तो येथे. पण कंपनी बुडाली तरी किल्ली हरवत नाही, एवढा भरवसा मुक्त प्रणालीतच आहे.

वाचकहो, फराळ झाल्यावर घरातली एखादी जुनी मराठी फाईल उघडून पाहा. वाचता आली तर युनिकोडमध्ये उतरवा, आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा.