वरातीची कसोटी

गाणं टिकलं की नाही, हे समीक्षकानं नव्हे, बँडवाल्यानं ठरवावं, असं आपलं माझं मत आहे. अजय आणि अतुल गोगावले या भावांनी ‘सैराट’साठी (२०१६) हॉलिवूडमध्ये सिंफनी वाजवून घेतली. आमच्या नातेपुत्याच्या वरातीत एक क्लॅरिनेट, दोन ट्रंपेट आणि एक ढोल. तरी ‘झिंगाट’ तिसऱ्या सुराला ओळखू येतं! सगळी व्हायोलिनं काढून घेतली तरी चाल उभी राहते, खरी पुण्याई ती. शब्दही भावांचेच, कागदावर वाचायला गेलं तर हाती फार लागत नाही, पण तोंडात फक्कड बसतात. ‘जोगवा’च्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ते जास्त खोल आहे. पण खोल पाण्यात वरात उतरत नाही.

गंमत पुढेच आहे. करमाळ्याकडे चित्रित झालेल्या या सिनेमात जात ओलांडून लग्न केलं म्हणून जोडप्याचा जीव घेतात. आणि त्याच गाण्यावर पोटजातीसकट सगळं जुळवून ठरवलेल्या लग्नाची वरात नाचते, नवरदेवाचे मामा सर्वांत पुढे! चाल जरा कमी फक्कड असती, तर मामांना निदान शेवट तरी आठवला असता.