शेवटच्या घरातलं प्यादं

मंडळी, लहानपणी दारव्ह्यात पट मांडला की आम्ही आधी विचारायचो, "देशी की इंग्रजी?" हा प्रश्न पुढं कसा हरवला, ते आज एका जुन्या संगणकाच्या निमित्तानं पाहू.

१९८१ साली ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स८१ हा घरगुती संगणक आला. त्याची मूळ मेमरी फक्त १ किलोबाइट. पडद्यावर दिसणारा पटही तेवढ्यातच मावायला हवा. १९८२ मध्ये डेव्हिड हॉर्न यांनी त्यात बुद्धिबळ खेळणारा अख्खा प्रतिस्पर्धी बसवला, अवघ्या ६७२ बाइट्समध्ये! सगळ्यात छोट्या बुद्धिबळाचा हा विक्रम २०१५ पर्यंत टिकला. कारागिरी म्हणून आम्ही हात जोडतो. पण खेळ म्हणून?

त्यात तीन नियम गाळले होते. कॅसलिंग, दोन घरं उडालेलं प्यादं वाटेत मारणं आणि प्याद्याची बढती. गंमत बघा, यातले पहिले दोन आपल्या देशी डावातही नाहीत. तिथं प्यादं एकच घर चालतं, मग वाटेत मारणार कशाला? कॅसलिंग नाही, पण शह बसलेला नसेल तर राजाला एकदा घोड्याची उडी मिळते. म्हणजे एका हातानं काढलं, दुसऱ्या हातानं दिलं. हॉर्न यांच्याकडे द्यायला जागाच नव्हती.

खुपते ती तिसरी उणीव. देशी डावात प्यादं ज्या घरात पोचेल तिथलं मोहरं होतं. हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. म्हणून कोणतं प्यादं कुठून न्यायचं, यावरच शेवटाचा डाव रंगतो. इथं मात्र बिचारं सहा घरं चालून जातं आणि प्यादंच राहतं. डावाचा जीवच गेला की!

दोष जागेचाच होता का? १९७८ च्या 'सारगॉन'ला जास्त मेमरी होती. डॅन आणि कॅथी स्प्रॅकलेन या दांपत्यानं त्यात कॅसलिंगसुद्धा घातलं. पण नियम युरोपचेच. जागा वाढली तरी आपली उडी आत आली नाही. कारण ती कोणी मागितलीच नाही.

माणसाला "आमच्याकडे असं खेळतात" म्हणता येतं. प्रोग्रॅम चाल नाकारतो, वाद घालत नाही. त्यामुळं ती उडी आता इथं बसलेल्या आजोबा-आजींच्याच मेमरीत आहे. आज घरी गेल्यावर नातवासमोर पट मांडा आणि आधी विचारा, "देशी की इंग्रजी?"