वृद्धाश्रमात कुत्रा : गुण नेमका कशाचा?

वसई-विरारकडच्या शिक्षकांना मुलांना घेऊन वृद्धाश्रमात जाणे नवे नाही. अशा भेटीत प्रशिक्षित कुत्रा सोबत असला तर वृद्धांचा एकटेपणा कमी होतो, असे अलीकडे वरचेवर वाचनात येते. मुंबई-पुण्याकडे ॲनिमल एंजल्स फाउंडेशनने कुत्र्यांच्या साहाय्याने उपचार करण्याचे काम रुजवलेही आहे. या दाव्याला आधार म्हणून जो प्रयोग हमखास सांगितला जातो, तो तपासून पाहू.

मॅरियन आणि विल्यम बँक्स यांचा हा अमेरिकेतील प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. शुश्रूषागृहांतील ४५ वृद्धांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एका गटाकडे कुत्रा आठवड्यातून एकदा जाई, दुसऱ्याकडे तीनदा, तिसऱ्याकडे मुळीच नाही. सहा आठवड्यांनी कुत्रा येणाऱ्यांचे प्रश्नावलीवरील एकटेपणाचे गुण कमी भरले. मांडणी साधी, मोजमाप स्पष्ट. वर्गात शिकवण्याजोगा प्रयोग आहे.

पण तुलना कशाशी झाली? तिसऱ्या गटाकडे कुत्रा गेला नाही, तसा त्याला आणणारा माणूसही गेला नाही. मग गुण कुत्र्याचा, की ठरल्या वेळी कुणीतरी आपल्यासाठी येते याचा? याच संशोधकांनी २००८ साली खरा कुत्रा आणि सोनी कंपनीचा 'आयबो' हा यंत्रकुत्रा यांची ३८ वृद्धांत तुलना केली. एकटेपणा दोन्हींमुळे घटला आणि दोहोंत फरक आढळला नाही! त्यावरून यंत्र कुत्र्याच्या तोडीचे ठरते, हा निष्कर्ष आम्हाला उतावळा वाटतो. एवढ्या लहान गटांत फरक न आढळणे म्हणजे फरक नसणे नव्हे.

डेन्मार्कमधील, १०० वृद्धांवरचा आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याबाबतीत उजवा आहे. तेथे प्रत्येकाकडे माणूस जाई. सोबत कुत्रा, 'पॅरो' हे सीलच्या पिलासारखे यंत्र किंवा खेळण्यातले मांजर असे. कुत्रा किंवा पॅरो असताना वृद्ध अधिक रमले. नैराश्याचे गुण मात्र एकंदरीतच उतरले. सोबत काय होते याने त्यात फरक पडला नाही. (इथे भेटच नसलेला गट नव्हता. प्रत्येक प्रयोगात काहीतरी निसटतेच.)

आणखी एक गोष्ट. बँक्स यांच्या प्रयोगातील वृद्ध स्वेच्छेने आलेले, पाळीव प्राण्यांचा जन्मभर लळा असलेले होते. वसईच्या वाडीत जिने आयुष्यभर कोंबड्या-शेळ्या सांभाळल्या, त्या आजीला गळपट्टा घातलेला अनोळखी कुत्रा भावेल की नाही, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही. भटक्या कुत्र्यांचा धसका घेतलेल्या आजोबांचे तर विचारूच नका.

दहावी-अकरावीच्या मुलांपुढे बँक्स यांची मांडणी ठेवावी आणि यात चौथा गट कोणता हवा होता, ते त्यांना शोधू द्यावे. प्रत्यक्ष कुत्रा न्यायचाच असेल, तर त्याला रेबीजची लस टोचलेली हवी, वृद्धांना आधी एकेकट्याने विचारलेले हवे, आणि कुत्रा कंटाळला की भेट तिथेच थांबवायची तयारी हवी.