व्यायाम, खेळ आणि मनःस्वास्थ्य : एका प्रचलित गृहीतकाची समीक्षा

प्रस्तावना

शारीरिक शिक्षणाविषयीच्या मराठी लेखनात दोन वचनांचा आधार वारंवार घेतला जातो. पहिले वचन कालिदासाच्या 'कुमारसंभवा'तील असून ते शरीराला धर्मसाधनांत अग्रस्थान देते. दुसरे निरोगी शरीर आणि निरोगी मन यांची सांगड घालणारे असून ते रोमन कवी ज्युवेनाल याच्या दहाव्या उपरोधकाव्यातून जगभर पसरले. व्यायामशाळांच्या भिंतींवर आणि क्रीडामहोत्सवांच्या निमंत्रणपत्रिकांवर ही वचने छापली जातात आणि शरीर कमावले की मन आपोआप सुदृढ होते, असा त्यांचा अर्थ लावला जातो.

मूळ संदर्भ पाहिल्यास हा अर्थ टिकत नाही. 'कुमारसंभवा'च्या पाचव्या सर्गात ब्रह्मचाऱ्याच्या वेषात आलेला शिव तपश्चर्येने कृश झालेल्या पार्वतीची विचारपूस करतो. तिचे तप तिच्या शक्तीच्या मर्यादेत चालले आहे ना, असा त्याचा प्रश्न आहे आणि सदर वचन त्या प्रश्नाला जोडून आले आहे. शरीराला अतिरेकी कष्ट देऊ नयेत, ही त्यातील सूचना होय. ज्युवेनालच्या काव्यात निरोगी शरीर व निरोगी मन ही देवांकडे मागण्याजोगी गोष्ट आहे. व्यायामाचे हमखास फळ म्हणून ती आलेली नाही. एका ठिकाणी मर्यादेचे स्मरण आहे, तर दुसऱ्या ठिकाणी प्रार्थना. कार्यकारणाचा नियम दोहोंपैकी एकही कवी सांगत नाही.

हे गृहीतक आधुनिक संशोधनाच्या कसोटीवर कितपत उतरते, मुले आणि प्रौढ यांच्या बाबतीत त्याच्या मर्यादा कोणत्या आणि शिक्षणसंस्थांच्या व्यवहारात त्याचे काय होते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. शारीरिक हालचालीचा मनाला लाभ होतो, हे खरे आहे. परंतु तो लाभ हालचालीच्या परिमाणाइतकाच ती कोणत्या अटींवर घडते यावर अवलंबून असतो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

प्रौढांविषयीचे संशोधन

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लूमेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्याने ग्रस्त अशा ५० वर्षांवरील १५६ व्यक्तींचे त्यात तीन गट करण्यात आले. एका गटाला व्यायाम, दुसऱ्याला नैराश्यावरील औषध आणि तिसऱ्याला दोन्ही देण्यात आले. १६ आठवड्यांनंतर तिन्ही गटांतील सुधारणा जवळपास सारखी आढळली. औषधाचा परिणाम सुरुवातीला अधिक लवकर दिसला, ही गोष्टही त्याच अभ्यासात नोंदविलेली आहे. लोकप्रिय लेखनात या प्रयोगाचा उल्लेख बहुधा 'व्यायाम औषधाइतकाच गुणकारी' एवढ्या एका वाक्यात उरकला जातो. व्यायाम करणारा गट प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली एकत्र व्यायाम करीत होता. त्यामुळे व्यायामाचा परिणाम किती आणि सोबतीचा व नियमित दिनक्रमाचा किती, हे या प्रयोगातून वेगळे काढता येत नाही.

कॉक्रेन संस्थेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात ३९ प्रयोग आणि २,३२६ सहभागी व्यक्तींचा समावेश होता. सर्व उपलब्ध प्रयोग एकत्र घेता नैराश्यावर व्यायामाचा मध्यम स्वरूपाचा परिणाम दिसला. मात्र पद्धतिशास्त्राच्या दृष्टीने काटेकोर असे सहाच प्रयोग वेगळे काढले, तेव्हा परिणाम लहान झाला आणि तो संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय राहिला नाही. २०२४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेला आढावा याहून बराच मोठा होता. २१८ अभ्यास आणि १४,१७० व्यक्तींच्या आधारे चालणे अथवा हलके धावणे, योगासने आणि स्नायूंना बळ देणारे व्यायाम नैराश्यात उपयुक्त ठरतात, असा निष्कर्ष त्यात काढण्यात आला. त्याच वेळी, पक्षपाताचा धोका कमी असण्याचा निकष केवळ एकच अभ्यास पूर्ण करतो, असेही त्यात स्पष्टपणे म्हटले आहे. याचे एक कारण उघड आहे. औषधाच्या प्रयोगात कोणाला खरी गोळी मिळाली हे लपविता येते. आपण धावलो की नाही हे धावणाऱ्यापासून लपविता येत नाही.

प्रतिबंधाच्या बाजूने मिळणारा पुरावाही विचारात घेण्याजोगा आहे. नॉर्वेमधील ३३,९०८ प्रौढांचा ११ वर्षे पाठपुरावा करणाऱ्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नियमित व्यायाम करणाऱ्यांमध्ये पुढे नैराश्य उद्भवण्याचे प्रमाण कमी आढळले. आठवड्यातून एक तासाचा व्यायामदेखील पुरेसा ठरत होता आणि त्याच्या तीव्रतेने विशेष फरक पडत नव्हता. चिंताविकाराच्या बाबतीत मात्र असा संबंध आढळला नाही. 'मनःस्वास्थ्य' हा एकच शब्द वापरून सर्व विकारांना एका पंगतीत बसविणे किती गैर आहे, हे यावरून लक्षात येते.

श्रम आणि व्यायाम यांतील भेद

'शारीरिक हालचाल' ही संज्ञा वरकरणी तटस्थ भासते. प्रत्यक्षात तिच्या पोटात परस्परविरोधी अनुभव सामावलेले असतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका समग्र विश्लेषणात हालचालींची क्षेत्रनिहाय विभागणी करण्यात आली होती. फुरसतीच्या वेळेतील हालचाल आणि ये-जा करण्यासाठी केलेले चालणे वा सायकल चालविणे यांचा चांगल्या मनःस्वास्थ्याशी संबंध दिसला. उपजीविकेच्या कामातील शारीरिक हालचालीचा संबंध मात्र मानसिक अस्वास्थ्याशी आढळला. हे संबंध बळकट नव्हते, तरी त्यांची दिशा महत्त्वाची आहे.

महाराष्ट्राच्या संदर्भात हा भेद विशेष बोलका ठरतो. बीड जिल्ह्यातून दरवर्षी गळीत हंगामासाठी स्थलांतर करणारे ऊसतोड कामगार किंवा बाजार समितीत पोती वाहणारे माथाडी यांच्या शरीराला हालचालीची वाण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम हालचालीची शिफारस केली. कोयता चालविणाऱ्या स्त्रीची ही मिनिटे एका दिवसातच भरतात. म्हणून तिचे मन स्वस्थ असते, असे कोणी म्हणणार नाही. तिच्या हालचालीचा वेग, वेळ आणि विश्रांती यांपैकी कोणतीच गोष्ट तिच्या हाती नसते. स्नायू, हृदय आणि घाम सर्वत्र सारखेच. फरक पडतो तो स्वेच्छेचा. व्यायामाचे समर्थन केवळ शरीरक्रियेच्या भाषेत करणाऱ्या लेखनाला या फरकाची दखल घेता येत नाही.

याच मुद्द्याची दुसरी बाजू स्त्रियांच्या फुरसतीशी निगडित आहे. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातील सुमारे निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नव्हते. स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ५७ टक्के, तर पुरुषांत सुमारे ४२ टक्के होते. ही तफावत आळसाने समजावून सांगता येणार नाही. फुरसतीचा वेळ, सुरक्षित रस्ता आणि मोकळे मैदान ही समाजात समप्रमाणात वाटलेली साधने नव्हेत. ज्या स्त्रीला स्वयंपाक आटोपून बाहेर पडण्याची मुभा नाही, तिला व्यायामाचे महत्त्व पटवून देणारे व्याख्यान अपुरे पडणार, हे उघड आहे.

मुले, मैदान आणि स्पर्धा

पाच ते सतरा वर्षे वयोगटासाठी दररोज सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते जोरकस हालचाल आवश्यक मानली गेली आहे. जगातील ११ ते १७ वर्षे वयाची सुमारे ८१ टक्के मुले २०१६ मध्ये या निकषापर्यंत पोहोचत नव्हती. उपाय म्हणून मुलांना अधिकाधिक स्पर्धांत उतरवावे, असा विचार सहज पुढे येतो. तो तपासून घेणे आवश्यक आहे.

अमेरिकेतील ९ ते १३ वयोगटातील ११,२३५ मुलांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सांघिक खेळ खेळणाऱ्या मुलांत चिंता, नैराश्य व एकलकोंडेपणा यांसारख्या अडचणी कमी आढळल्या. याउलट, टेनिस किंवा कुस्तीसारखे केवळ वैयक्तिक खेळ खेळणाऱ्या मुलांत त्या कोणताही खेळ न खेळणाऱ्या मुलांपेक्षाही अधिक होत्या. हा अभ्यास एका कालबिंदूवरील माहितीचा असल्यामुळे त्यातून कारण सिद्ध होत नाही. चिंताग्रस्त मूल संघापासून दूर राहत असण्याचीही शक्यता आहे. तथापि खेळ म्हटला की तो मनाला हितकर असणारच, या समजुतीला या निष्कर्षांनी धक्का बसतो.

या प्रश्नाकडे पाहण्याची एक दृष्टी कबड्डीच्या जुन्या प्रकारांत सापडते. 'गामिनी' प्रकारात बाद झालेला खेळाडू सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसतो. 'संजीवनी'त प्रतिस्पर्ध्याचा गडी बाद झाला की आपला गडी जिवंत होऊन परत येतो. 'अमर' प्रकारात बाद झालेला गडी मैदान सोडतच नाही. केवळ गुण मोजला जातो. पराभवाला किती जागा द्यायची आणि पराभूताचे काय करायचे, याची ही तीन वेगवेगळी उत्तरे आहेत. शालेय क्रीडास्पर्धांची आजची रचना बव्हंशी गामिनीसारखी आहे. बाद पद्धतीच्या सामन्यांत पहिल्या फेरीत हरलेल्या शाळेचा संघ दुपारीच घरी परततो आणि संघातच न निवडलेली मुले तर घरूनही निघत नाहीत. ज्यांना मैदानाची सर्वाधिक गरज असते, तीच मुले सर्वांत आधी मैदानाबाहेर जातात.

शिखरावर पोहोचलेल्यांचा अनुभवही विजय आणि स्वास्थ्य यांचे समीकरण मांडू देत नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळविणारे नेमबाज अभिनव बिंद्रा यांनी त्या यशानंतर जाणवलेल्या पोकळीविषयी जाहीरपणे सांगितले आहे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये सिमोन बाइल्स यांनी मनःस्वास्थ्याचे कारण देऊन अनेक अंतिम फेऱ्यांतून माघार घेतली.

शिक्षणसंस्थांचा व्यवहार

महाविद्यालयांच्या पातळीवर या विवेचनाला व्यावहारिक महत्त्व आहे. नॅकने २०१७ मध्ये सुधारलेल्या मूल्यांकन पद्धतीत क्रीडाक्षेत्रातील पारितोषिके आणि पदके यांची संख्या मोजण्याची तरतूद होती. जे मोजले जाते त्याकडे संस्थेचे लक्ष वळते, हे स्वाभाविकच होय. परिणामी जिमखान्याचा निधी आणि शारीरिक शिक्षण संचालकांचा वेळ मोजक्या खेळाडूंच्या आंतरमहाविद्यालयीन तयारीसाठी खर्ची पडतो. उरलेल्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला योगदिनाची एक सकाळ आणि वार्षिक क्रीडा सप्ताह एवढेच येते. गुणवान खेळाडूंना प्रोत्साहन देणे आवश्यकच आहे. परंतु त्याचे समर्थन विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याच्या नावाने करता येणार नाही.

याहून गंभीर धोका वेगळाच आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढ त्या वेळी मानसिक विकाराने ग्रस्त असल्याचे आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे आढळले होते. जेथे उपचार इतके दुर्मीळ आहेत, तेथे व्यायाम हा स्वस्त पर्याय म्हणून पुढे करण्याचा मोह होतो. ब्रिटनमध्ये ३६१ नैराश्यग्रस्तांवर करण्यात आलेला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला हालचाल वाढविण्यासाठी मार्गदर्शन दिल्यावर लोकांची हालचाल वाढली. नैराश्यात मात्र अधिक सुधारणा झाली नाही. नैराश्यात अंथरुणातून उठण्याची शक्तीच हरपते. अशा विद्यार्थ्याला 'रोज सकाळी धावायला जा' एवढाच सल्ला मिळाला आणि तो पाळता आला नाही, तर त्याच्या अपराधभावनेत भरच पडते. समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे पाठविण्याची जबाबदारी मैदान दाखवून टाळता येत नाही.

समारोप

उपलब्ध पुराव्यांवरून व्यायाम निरुपयोगी ठरत नाही. तो अल्प खर्चाचा, बहुतेकांना मानवणारा आणि शरीराला निश्चित लाभ देणारा आहे. मनालाही तो अनेकदा हात देतो. मात्र स्वेच्छा, सोबत, शक्तीची मर्यादा आणि हरल्यानंतरही परत येण्याची वाट या अटींकडे दुर्लक्ष केल्यास तीच हालचाल कष्ट, शिक्षा किंवा अपमान ठरू शकते. म्हणून महाविद्यालयाने वर्षअखेर पदकांबरोबरच आणखी एक नोंद ठेवणे उचित होईल : कोणत्याही संघात नसलेले किती विद्यार्थी आणि विद्यार्थिनी आपणहून मैदानावर आल्या, आणि त्यांपैकी कितीजण पुढच्या महिन्यातही येत राहिले. ही नोंद ठेवण्यास शारीरिक शिक्षण संचालकाची वही आणि संध्याकाळी उघडे राहणारे फाटक पुरेसे आहे.