आडनाव : वंशावळ की पत्ता?

कुलवृत्तान्त हा मराठीतला कष्टाचा ग्रंथप्रकार. १९१४ साली 'आपटे घराण्याचा इतिहास' प्रसिद्ध झाला. पुढे अनेक घराण्यांनी तो कित्ता गिरवला. जुने कागद चाळून जमवलेली ही माहिती मोलाची आहे. आमचा आक्षेप माहितीवर नाही, तिच्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षावर आहे. एक आडनाव म्हणजे एक मूळपुरुष, हे गृहीतक तपासायला हवे.

'बांदेकर' हे आडनाव घ्या. तेरेखोल नदीकाठचे बांदा हे सावंतवाडी तालुक्यातले, गोव्याच्या सीमेलगतचे गाव. गावातल्या गावात कोणाला 'बांदेकर' म्हणून काय उपयोग? सगळेच बांद्याचे! गाव सोडल्यावरच ही ओळख कामी येते. म्हणजे असे आडनाव 'कोठून आले' ते सांगते, 'कोणापासून झाले' ते नाही. वेगवेगळ्या काळी निघालेली, परस्परांशी नाते नसलेली, निरनिराळ्या जातींची कुटुंबे बांदेकर होऊ शकतात. आयर्लंडची रीत वेगळी. तिथल्या आडनावांतला 'ओ' म्हणजे वंशज, 'मॅक' म्हणजे मुलगा. पुढे पूर्वजाचे नाव. तरीही मर्फीसारखे आडनाव तिथेही अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे उगवले आहे.

दुसरा मुद्दा गणिताचा. दहा पिढ्या मागे गेलो की त्या पिढीत पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात. काही जागी तीच व्यक्ती पुन्हा येईल, एवढेच. आडनाव माग काढते त्यांतल्या एकाच जागेचा. मध्ये दत्तक आला तर तो धागाही रक्ताचा उरत नाही. निम्म्या जागा स्त्रियांच्या. पण छापील वंशवृक्षाची फांदी मुलीपाशी येऊन थांबते.

वर्गात 'आपले मूळ शोधा' हा उपक्रम घेताना हे विसरून चालणार नाही. ज्याच्या घरी कुलवृत्तान्त आहे तो 'घराण्याचा' ठरतो. ज्याच्या घरी नाही त्याला आपल्याला इतिहासच नाही असे वाटू लागते. वास्तविक १,०२४ जागा दोघांच्याही.

म्हणून आम्ही सुचवतो : सुरुवात आडनावापासून नको. आई, वडील, आजी आणि आजोबा यांची जन्मगावे विचारा व नकाशावर मांडा. कोण, केव्हा, कशासाठी गाव सोडून आले ते लिहा. प्रत्येक नोंदीपुढे 'ऐकले' की 'कागदावर पाहिले' हेही लिहून घ्या. जात विचारण्याची गरज नाही. पुरावा आणि समजूत यांतला फरक मुलांना कळला, तर उपक्रम साधला.