सूम्पोन्या: एका उसन्या शब्दावर किती भार टाकायचा?

आज एकच शब्द घेऊन बसू या. बायबलमधल्या दानीएलाच्या ग्रंथाचा तिसरा अध्याय अरामी भाषेत आहे. नबुखद्नेस्सर राजा सोन्याचा पुतळा उभारतो. वाद्यं वाजली की सगळ्यांनी दंडवत घालायचा, न घालेल तो भट्टीत. वाद्यांची यादी पुन्हापुन्हा येते आणि तिच्यात तीन नावं ग्रीक आहेत: कितारोस, प्सन्तेरीन आणि सूम्पोन्या. हा सूम्पोन्या म्हणजे ग्रीक 'सिम्फोनिया', एकत्र उमटणारे सूर.

वाद्य कुठलं, विचाराल तर गंमत आहे. १६११ च्या किंग जेम्स भाषांतरात ते डल्सिमर, म्हणजे आपल्या संतूरच्या कुळातलं. १९५२ च्या सुधारित इंग्रजी आवृत्तीत बॅगपाइप. १९८९ मध्ये त्याच परंपरेतल्या नव्या आवृत्तीत चक्क ढोल! तार, फुंक, कातडं, सगळं झालं. बॅगपाइपच्या बाजूनं एक दुवा दाखवतात: इटलीत बॅगपाइपला 'झांपोन्या' म्हणतात, ते याच ग्रीक शब्दावरून. पण तो दुवा कितीतरी शतकं नंतरचा. आणि हे वाद्यच नसेल, 'सगळे मिळून' एवढाच अर्थ असेल, असंही म्हणणारे आहेत. आपल्याकडे 'लग्नात बाजा आला' म्हणतो, तेव्हा एक वाद्य आलं की अख्खा ताफा? तसंच हे. शिवाय सातव्या ओवीच्या प्रचलित अरामी पाठात हा शब्द गळलेला आहे आणि दहाव्यात त्याचं लेखन वेगळं आहे.

आता माझा आक्षेप. सॅम्युएल ड्रायव्हर यांनी १८९१ मध्ये मांडलं की हे ग्रीक शब्द असल्यामुळे ग्रंथ अलेक्झांडरनंतरचाच, इ.स.पू. ३३२ नंतरचाच, असला पाहिजे. 'असू शकतो' नाही हं, 'असलाच पाहिजे'. पण कितारोसचं मूळ असलेलं वाद्य होमरच्या काव्यातही आहे. नबुखद्नेस्सरच्या काळातल्या बाबिलोनच्या शिधा-नोंदींत आयोनियन सुतार आहेत, आणि आल्कायोस या कवीचा भाऊ बाबिलोनच्या बाजूनं लढला होता. माणसं आली की शब्द येणारच. मग तो दावा उरतो सूम्पोन्यावर, कारण ग्रीकमध्ये वाद्य किंवा वाद्यवृंद या अर्थानं 'सिम्फोनिया' बराच उशिरा, पॉलिबियससारख्या इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या लेखकाकडे दिसतो; आणि तिथंही नेमकं काय, यावर वाद आहेच. म्हणजे ज्या शब्दाचा अर्थ सगळ्यात कमी पक्का, त्याच्यावर सगळ्यात जास्त भार!

याचा अर्थ ग्रंथ जुना ठरतो असा कुणी घेऊ नका. अकराव्या अध्यायात अँटिओकस चौथ्याच्या कारकिर्दीचे तपशील इतके चोख आहेत की इ.स.पू. १६७च्या आसपासचा काळ मलाही पटतो. तो त्या तपशिलांमुळे पटतो. सूम्पोन्या वगळला तरी तेवढाच पटतो.