वैशाखाचा वारा आणि चान्या

जुलैत महाडात काही वाळत नाही. दोरीवरच्या कपड्यांना तिसऱ्या दिवशीही कुबट वास येतो, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, पापड भाजण्याआधीच मऊ पडतात. सावित्री आणि गांधारी चढत असतात आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या प्रत्येकाचा एक कान बाहेर लागलेला असतो. अशाच एका दुपारी, चवदार तळ्यापासून फार लांब नसलेल्या आमच्या स्वयंपाकघरात, मी एअर फ्रायरमध्ये बीफ रोस्ट करत होते. ओट्याच्या कोरड्या कोपऱ्यात शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ उघडं ठेवलं होतं. रोस्टसाठी ते पुस्तक उघडावं असं काही नाही, ते त्याचं क्षेत्रच नव्हे. पण रोस्ट करता करता मला त्या पुस्तकातल्या एका पदार्थाचा अर्थ पहिल्यांदा नीट लागला. तो पदार्थ म्हणजे चान्या.

पुस्तक मराठीत २०१५ साली आलं. २०२४ मध्ये भूषण कोरगांवकर यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला, ‘दलित किचन्स ऑफ मराठवाडा’ या नावाने. पाटोळे धाराशिव जिल्ह्यातल्या खामसवाडीचे. महार आणि मांग या दोन समाजांच्या चुलीवर काय शिजायचं, ते कुठून यायचं आणि त्याला घरात काय म्हणायचे, हे त्यांनी लिहून ठेवलं. हे कुणीतरी आधीच लिहायला हवं होतं, असं वाचताना पानोपानी वाटत राहतं.

नावापासूनच सुरुवात करते, कारण या पुस्तकाचं निम्मं म्हणणं त्या एका अक्षरात आहे. जेवणाआधी हात जोडून म्हणायचा श्लोक मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या पाठ आहे. त्यातल्या ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ या शब्दांमध्ये पाटोळ्यांनी फक्त एक ‘अ’ घातला. वरवर पाहिलं तर हा विरोध वाटतो. मला तो हिशेब वाटतो. अन्नाला ब्रह्म म्हणणं त्यांना नामंजूर नाही. ज्या पंगतीत बसून ते म्हटलं जातं, ती पंगत अपुरी आहे, एवढंच ते सांगतात. मराठी खाद्यसंस्कृती म्हणून जे छापलं गेलं, त्यात आतडी-पोटाची वजडी नाही, गोठलेल्या रक्ताची रक्ती नाही, चान्या नाहीत. ताटं मोजताना काही ताटं मोजलीच गेली नाहीत. ‘अ’ त्या न मोजलेल्या ताटांचा आहे.

कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली आणि तिने मराठी घराला वाटी-चमच्याचं माप दिलं. लग्न होऊन परगावी गेलेल्या मुलीला आईवाचून स्वयंपाक करता आला, हा तिचा मोठा उपकार. पाटोळ्यांच्या कृती त्या शेजारी ठेवून वाचल्या की त्यांचं वेगळेपण डोळ्यांत भरतं. इथे जिन्नस थोडे. मीठ, मिरची, हळद, असलं तर येसूर. येसूर म्हणजे भाजलेलं धान्य, डाळी आणि मसाले एकत्र कुटून केलेली पूड. रश्शाला दाटपणा तीच आणते. आमच्या कोकणात जे काम खोबरं करतं, ते तिथे येसूर करतो. आणि या स्वयंपाकाला तेल, तूप, दूध जवळपास ठाऊकच नाही. पहिल्या वाचनात मला ही उणीव वाटली होती. दुसऱ्या वाचनात कळलं की मजकुराचा खरा भाव त्या न लिहिलेल्या जिनसांमध्ये आहे. घरात तेल नव्हतं, म्हणून कृतीत तेल नाही. कृती लिहिणाऱ्याने ते मागाहून, वाचकाच्या सोयीसाठी घातलं नाही. हा प्रामाणिकपणा मला कोणत्याही मोठ्या गद्यगुणाएवढाच मोलाचा वाटतो.

आता चान्या. मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या कापायच्या, मीठ लावायचं, दोरीवर टांगायच्या, कडक उन्हात खडखडीत होईपर्यंत वाळवायच्या. मग त्या महिनोन्‌महिने टिकतात. हव्या तेव्हा निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर खायच्या, नाहीतर भिजवून कालवण करायचं. कृती म्हणाल तर एवढीच. पण तिच्यातली क्रियापदं पाहा: कापणं, टांगणं, वाळवणं, भाजणं. त्यातलं फक्त शेवटचं चुलीपाशी होतं. बाकी सगळं अंगणात, वाऱ्यावर आणि वाट बघण्यात. या पदार्थातला मुख्य जिन्नस वेळ आहे.

तो का, हे थोडं थांबून पाहावं असं आहे. शेळी-कोंबडी घरापुरती कापता येते. मोठं जनावर तसं नसतं. त्याचं मांस एकदम, ढिगाने मिळतं, आणि गावात जनावर कधी पडेल हे कुणाच्या हातात नसतं. दोन दिवस पोटभर, आणि मग दोन महिने काही नाही. त्यात उन्हाळ्यात मांस एका दिवसात बिघडतं. या दोन टोकांच्या मध्ये चान्या उभ्या आहेत. मीठ आणि वारा मिळून मांसातलं पाणी काढून घेतात. पाणी गेलं की कुजवणाऱ्या जंतूंना जगायला जागा उरत नाही. मराठवाड्याच्या वैशाखात वारा एवढा कोरडा असतो की तो स्वतःच भट्टीचं काम करतो. भुकेच्या बेभरवशी पंचांगाला माणसांनी दिलेलं हे उत्तर आहे, आणि ते अतिशय हुशार उत्तर आहे.

कोकणात तो वारा नाही. आमच्याकडे उन्हाळ्यातही हवेत ओल असते. पोलादपूरकडच्या माझ्या आत्याला मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, त्यांच्या लहानपणी मांस उन्हात दोन दिवस आणि मग चुलीवर, धुरात टांगलेलं असे.

“चवीला कसं लागायचं गं, आत्या?”

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “चव विचारणारी तूच पहिली. आम्हाला लोकांनी वासच विचारला.”

ते वाक्य मी पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवलंय. पाटोळ्यांचं सगळं लेखन त्या दोन शब्दांच्या मधल्या अंतराबद्दल आहे. ज्या अन्नाचा बाहेरच्यांनी फक्त वास घेतला, त्याची चव ते सांगतात.

आणि मी राहते त्या गावातल्या तळ्याचं नावच चवदार आहे. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांनी या तळ्याचं पाणी प्यायलं, हे शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. नगरपालिकेने १९२४ मध्येच तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला होता. पाण्याला हात लागायला आणखी तीन वर्षं जावी लागली. त्या दिवसातला अन्नाचा भाग मात्र कमी सांगितला जातो. पाणी पिऊन माणसं महाडात भरलेल्या परिषदेच्या मांडवात परतली. काही जेवत होती, काही गावी निघायच्या तयारीत होती. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली आणि जमाव मांडवावर चालून गेला. माणसांना मारलं, भांडी फोडली, शिजलेलं अन्न मातीत तुडवलं. पुढे मातीच्या १०८ घागरी आणि गाईचं शेण, गोमूत्र, दूध, दही वापरून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं. एका जनावराचं शेण पाण्यात चाललं, माणसाची ओंजळ चालली नाही. तळ्याच्या हक्काचा खटला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ ला निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला.

याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि लोकांचे शिळेपाके तुकडे सोडून द्या, असं सांगितलं. अनेक घरांनी त्याच पिढीत ते सोडलं, आमच्या पणजोबांनीही. म्हणून पाटोळ्यांचं पुस्तक वाचताना मनात एक प्रश्न उठतोच: जे सोडा म्हणून सांगितलं गेलं, त्याची आठवण इतक्या प्रेमाने का लिहायची? याचं उत्तर मला शोधावं लागलं, आणि ते मला पटलं आहे. सोडायची होती ती वेठ. गावचं मेलेलं जनावर ओढायचं काम जन्माने माथी मारलेलं होतं, आणि ते मांस म्हणजे त्या कामाची मजुरी होती. बाबासाहेबांनी ती मजुरी नाकारायला सांगितलं. जीभ नाकारायला त्यांनी सांगितलं नव्हतं. वेठ सुटली, पण वाळवण्याचं, भाजण्याचं, येसूर कुटण्याचं शहाणपण ज्यांनी पिढ्यान् पिढ्या जपलं, त्यांना त्याची लाज वाटत राहिली. पाटोळे ती लाज उतरवतात. पुस्तकातला संतसाहित्य आणि सात्त्विक-तामस आहाराबद्दलचा वाद मला कृतींइतका धरून ठेवत नाही, हे सांगायला हवं. त्यातली काही पानं आटोपशीर असती तर बरं झालं असतं. पण ते रक्ती कशी गोठते आणि कशी शिजवायची हे सांगू लागतात, तेव्हा त्यांच्या भाषेला आपोआप घरचा ताल येतो, आणि तिथे हे पुस्तक मोठं होतं.

आता माझा रोस्ट. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईची कत्तल बंद आहे, २०१५ पासून बैल आणि वळूचीही. म्हैस आणि रेडा त्यात येत नाहीत, म्हणून इथे बीफ म्हणजे म्हैस-रेड्याचं मांस. ते गाईच्या मांसाहून गडद असतं आणि त्यात चरबी कमी असते. शिवाय बरंचसं वयस्क, काम करून थकलेल्या जनावराचं, त्यामुळे तंतू चिवट. विलायती रोस्टच्या कृती त्याला लागू पडत नाहीत. नुसत्या कोरड्या आचेवर ते मांस चामड्यासारखं होतं, कारण त्यातले चिवट धागे ओल्या आचेवर, सावकाश विरघळतात. गोव्यातल्या आणि वसईच्या ख्रिस्ती घरांत म्हणूनच रोस्ट आधी भांड्यात, व्हिनेगर आणि मसाल्याच्या पाण्यात शिजतो.

मी पाऊण किलोचा बिनहाडाचा तुकडा रात्री मीठ, लसूण आणि मिरपूड चोळून ठेवला. सकाळी चार आमसुलं आणि अर्धा पेला पाणी घालून कुकरला पाच शिट्ट्या दिल्या. गार झाल्यावर फडक्याने अगदी कोरडा पुसला, आणि मग एअर फ्रायरमध्ये २०० अंशांवर बारा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. तेल अजिबात नाही. कुकरमधलं पाणी आटवून त्याचा दाट रस केला. रोस्ट बाहेर काढून दहा मिनिटं तसाच ठेवला आणि मग रेषेच्या आडवा पातळ कापला.

एअर फ्रायर म्हणजे काय, तर वर एक तापणारी कॉईल, आणि गरम हवा गरगर फिरवणारा पंखा. फिलिप्सने तो २०१० मध्ये बाजारात आणला. फिरती कोरडी हवा मांसाच्या पृष्ठावरची ओल ओढून घेते; पृष्ठ कोरडं झालं की त्याचं तापमान १४० अंशांच्या वर चढतं आणि मग तो तपकिरी, खमंग थर धरतो. लुई-कामी मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ज्या क्रियेचा अभ्यास मांडला, तीच ही. ओलं पृष्ठ भाजत नाही, उकडतं. म्हणून पुसणं महत्त्वाचं.

आणि इथेच मला चान्या कळल्या. बाहेर धो धो पाऊस, भिंतींना घाम, आणि ओट्यावरच्या त्या पाच लिटरच्या डब्यात मराठवाड्याचा वैशाख फिरत होता. कोरडा, तापलेला, सतत हलणारा वारा. वाळवायचं आणि भाजायचं, या दोन क्रिया निखाऱ्यावरच्या चान्यांमध्ये वेगवेगळ्या दिवशी घडतात. या डब्यात त्या एकामागोमाग एक घडतात. तेलाशिवाय खमंग, ही आज या यंत्राची जाहिरात आहे. खामसवाडीच्या अंगणात तेलाशिवाय खमंग हा रोजचा व्यवहार होता, कारण तेल परवडत नव्हतं. त्या घरांतल्या बायांना ठाऊक होतं की मांसाला स्वतःची चव असते आणि आधी पाणी काढलं तर ती आपणहून वर येते. हे ज्ञान आहे. त्याला गरिबीतली तडजोड म्हणणं अपुरं आहे.

आत्याला मी दोन काप आणि तांदळाची भाकरी दिली. तिने रस बाजूला सारला आणि कडेचा काळपट, कडक तुकडा आधी उचलला. बराच वेळ चावला. “हे जळकं नाही, भाजकं आहे,” म्हणाली, आणि दुसरा तसाच कडेचा तुकडा मागितला. मधला मऊ काप तिने माझ्याकडे सरकवला.

पुढच्या आठवड्यात मी पट्ट्या कापून, मीठ लावून, ७० अंशांवर सहा तास त्याच डब्यात वाळवल्या. मग गॅसवर जाळी ठेवून भाजल्या. आत्या म्हणाली, धुराची चव नाही. बरोबर आहे. धूर यंत्रात नाही. पण बाकी चव होती, आणि ती मी पहिल्यांदा वासाचा विचार न करता घेतली.

‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ मिळवून वाचा. चान्यांच्या पानापाशी थांबा, दोनदा वाचा. आणि कधी करून पाहिल्यात, तर भाजताना तेल लावू नका.